जहाजावर दुकानदार का नको

‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका १६ नोव्हेंबर २०१३ रोजी रशियातल्या सेवेरोद्विन्स्क इथं भारतीय नौदलात दाखल झाली. तिचा पल्ला, तिचं वजन, तिच्यावरची मिग विमानं यांविषयी नौदलानं पुष्कळ माहिती दिली होती. वर्तमानपत्रांना आवडले ते मात्र भटारखान्यातले आकडे. महिन्याला जवळपास १ लाख अंडी, २०,००० लिटर दूध, १६ टन तांदूळ. आकडे खरे आहेत. सोळाशेहून अधिक माणसांची ही वस्ती कोठारं भरून निघाली की साधारण ४५ दिवस किनाऱ्याकडे न बघता राहू शकते, हेही खरं. पण या अंड्यांनी एक जुनी समजूत नव्यानं पक्की केली: जहाजावरचा पुरवठा म्हणजे तरंगतं किराणा दुकान. यादी करायची, माल मागवायचा, रचून ठेवायचा, वही लिहायची. एवढ्यासाठी पांढऱ्या गणवेशातला अधिकारी कशाला, आणि त्याला इतर अधिकाऱ्यांसारखं समुद्रावर घडवण्याचा खर्च तरी कशाला?

ही समजूत अडाण्यांची नाही. व्यवस्थापन शिकवणारे प्राध्यापक ती बाळगतात, संरक्षणखर्चावर लिहिणारे बाळगतात, आणि तोफा-क्षेपणास्त्रांच्या शाखेतले कित्येक अधिकारीही खासगीत हेच बोलतात. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या बळासकट मांडतो. त्याचं पहिलं म्हणणं असं की पुरवठा ही आता नागरी विद्या आहे. भिवंडीच्या गोदामांत रोज जेवढे जिन्नस हलतात तेवढे कुठल्याही युद्धनौकेवर वर्षातही हलत नसतील; मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला तर ठरलेलाच. दुसरं म्हणणं, साठा आता संगणकाला ठाऊक असतो. कुठला सुटा भाग किती उरला, कधी संपेल, हे यंत्र सांगतं, तेव्हा जहाजावर एखादा भांडारी खलाशी पुरे. तिसरं म्हणणं, बंदरोबंदरी कंत्राटदार आहेत. पैसे टाकले की पाणी, भाजी, इंधन, टग सगळं धक्क्यावर हजर. मग ज्या जहाजावर एकेका बंकची मारामार, तिथं हा बंक एखाद्या इंजिनिअरला द्यावा. पुरवठ्याच्या अधिकाऱ्याला कवायत, पोहणं, शिडाची होडी, प्रशिक्षणनौका, ब्रिजवरची वॉच हे सगळं करायला लावणं म्हणजे हौस.

यातलं बरंच नौदलानं स्वतःच मान्य केलेलं आहे. लॉजिस्टिक्स शाखेत अभियंते येतात तसे एमबीए झालेले येतात, वित्त किंवा साहित्य-व्यवस्थापनाची पदविका घेतलेले वाणिज्य पदवीधरही येतात. मुंबई, विशाखापट्टणम इथल्या नौदलाच्या साहित्य-संघटनांत नागरी कर्मचारी मोठ्या संख्येनं काम करतात. संगणकीकरण तर कधीच झालंय. तेव्हा नागरी ज्ञान उपयोगाचं आहे की नाही, हा वादच नाही. वाद एवढाच आहे की जहाज बंदर सोडून निघाल्यावर पुरवठ्याचा निर्णय घेणारा माणूस दर्यावर्दी असावा लागतो की नाही.

माझं उत्तर आहे, असावाच लागतो. आणि त्याचा पहिला पुरावा असा की उलट प्रयोग करून झाला आहे. पूर्वपक्ष स्वतःला आधुनिक समजतो. पण तो जे सुचवतो ती ब्रिटिश नौदलाची सतराव्या-अठराव्या शतकातली व्यवस्था आहे. तेव्हा प्रत्येक जहाजावर पर्सर असे. हा अर्धा कर्मचारी, अर्धा व्यापारी. नेमणुकीसाठी त्याला जामीनकी भरावी लागे, पगार नावापुरता असे, आणि खरी कमाई खलाशांना उधारीवर कपडे नि तंबाखू विकून होई. शिधा देताना त्याचा पौंड १६ औंसांऐवजी १४ औंसांचा असे. ही दोन औंसांची कात्री सगळीच लूट नव्हती, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पिंपं गळत, उंदीर खात, बिस्किटांत अळ्या होत, आणि या तुटीची भरपाई पर्सरच्या खिशातून व्हायची. म्हणून त्याला आगाऊ सूट दिलेली. पण व्यवस्थेचा दोष नेमका इथंच होता: ज्याची तूट स्वतःच्या खिशातून जाते तो आधी खिशाचा विचार करतो, मग जहाजाचा. एप्रिल १७९७ मध्ये स्पिटहेडला सबंध आरमारानं नांगर उचलायला नकार दिला, त्या वेळच्या मागण्यांत पगारवाढीच्या जोडीला पौंड पुरता सोळा औंसांचा करा, ही मागणी होती. फ्रान्सशी युद्ध चालू असताना सरकारला ती मान्य करावी लागली. पुढच्या अर्धशतकात पर्सरकडून दुकान हळूहळू काढून घेण्यात आलं, त्याला पगारी केलं, सनदी अधिकाऱ्यांत बसवलं आणि शेवटी नावही बदलून पेमास्टर केलं. अमेरिकेच्या नौदलातही १८६० साली पर्सरचा पेमास्टर झाला आणि १९१९ साली त्या शाखेला सप्लाय कोअर हे आजचं नाव मिळालं. म्हणजे पुरवठा-अधिकारी ही जात कुणाच्या हौसेतून जन्मली नाही. दुकानदारी करून, पस्तावून, मग जन्मली.

आता खोलात जाऊ. गोदामात माल ठेवायची जागा ठरते ती सोयीवर: जो जास्त खपतो तो दाराजवळ. जहाजात जागा ठरवताना चार गोष्टी एकदम बघाव्या लागतात. वजन कुठं पडतं, शेजारी काय आहे, आधी काय काढावं लागेल, आणि आग लागली तर काय होईल. यातली एक चुकली तर काय होतं, हे मुंबईनं १४ एप्रिल १९४४ला पाहिलं. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज सुमारे १,४०० टन स्फोटकं घेऊन इंग्लंडहून निघालं होतं. सोन्याच्या विटाही होत्या. कराचीत त्याच जहाजात कापसाच्या गासड्या नि तेलाची पिंपं चढवली गेली. कप्तान नेस्मिथ यानं या मिसळीबद्दल आपला निषेध नोंदवून ठेवला होता. पण युद्धकाळ, जहाजांचा तुटवडा, माल भरणं भाग होतं. १२ तारखेला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलं. १४ तारखेला दुपारी कापूस पेटलेला दिसला आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. गोदी गेली, शेजारची जहाजं गेली, गोदीलगतच्या वस्त्यांत शेकडो माणसं मेली. आजही त्या दिवसाच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

त्या जहाजाच्या कागदपत्रांत प्रत्येक जिन्नस नोंदलेला होता. कापूस कापूस म्हणून, स्फोटकं स्फोटकं म्हणून. वही बिनचूक असूनही जहाज बुडू शकतं, हे वहीवाल्याला कळत नाही. कप्तानाला कळलं होतं. यावर कुणी म्हणेल, ते व्यापारी जहाज होतं, युद्धनौकेचा काय संबंध? संबंध असा की व्यापारी जहाजावर जी मिसळ युद्धाच्या घाईत एकदा घडली, ती युद्धनौकेवर रोजची आहे. टॉर्पेडो, विमानाचं इंधन, रंगाचे डबे, गाद्या, बटाटे आणि माणसं हे सगळं तिथं एकाच कवचात कायम असतं.

काढण्याच्या क्रमाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९१५ साली गॅलिपोलीच्या स्वारीसाठी ब्रिटिश जहाजं अशी भरली गेली की उतरताना आधी लागणारं सामान तळाशी होतं. ती अलेक्झांड्रियाला परत नेऊन रिकामी करून पुन्हा भरावी लागली, आणि तेवढ्या आठवड्यांत तुर्कांनी खंदक खणले. यातून कुणी शिकलं असेल असं वाटतं. पण १९८२ साली फॉकलंडला निघालेल्या जहाजांचा माल असेन्शन बेटावर थांबून पुन्हा नव्यानं लावावा लागला.

पण माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण डिसेंबर १९४४चं आहे, कारण त्यात साठा कमी होणं हीच घटना आहे. गोदामातला माल संपला तर गोदाम रिकामं होतं, इतकंच. जहाजातला माल संपत जातो तसं जहाज बदलत जातं. इंधनाच्या टाक्या तळाशी असतात. त्या रित्या झाल्या की जहाजाचं खालचं वजन जातं आणि ते डोईजड होतं. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव हेलकावतो, तो जहाजाला कलतं ठेवायला मदत करतो. उपाय म्हणून रित्या टाकीत समुद्राचं पाणी घेतात. पण तेलवाहू जहाज भेटायचं असेल तर ते पाणी आधी बाहेर काढावं लागतं, नाहीतर तेल घ्यायला जागा कुठली? अमेरिकेचं तिसरं आरमार १७ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपिन्सच्या पूर्वेला याच कात्रीत सापडलं. विनाशिकांचं इंधन तळाला गेलेलं, तेल घेण्याचा प्रयत्न चाललेला, आणि समुद्र खवळत चाललेला. ‘स्पेन्स’ ही विनाशिका ‘न्यू जर्सी’ या महानौकेकडून तेल घेत होती तर नळ्याच तुटल्या. दुसऱ्या दिवशी तुफान पूर्ण अंगावर आलं. ‘स्पेन्स’, ‘हल’ आणि ‘मोनॅगन’ या तीन विनाशिका उलटल्या. सबंध ताफ्यातली सुमारे ७९० माणसं गेली. शत्रूची एक गोळी न लागता.

इंधन हे पुरवठा-अधिकाऱ्याचं खातं नव्हे, ते इंजिनिअरिंगचं, असा आक्षेप इथं रास्तपणे घेता येईल. खातं कुणाचं हा प्रश्नच नाही. पाणी, दारूगोळा, धान्य, सुटे भाग या सगळ्यांना हाच नियम लागू आहे: प्रत्येक वापर जहाजाचा तोल हलवतो, आणि प्रत्येक भरणा हवामानाशी नि वेगाशी बांधलेला असतो. भरसमुद्रात भरणा करताना दोन जहाजं तीस-पन्नास मीटर अंतरावरून, एकाच वेगानं, तासन्‌तास समांतर चालतात. मधे दोर, नळ्या, लोंबकळत सरकणारा माल. दोन्ही जहाजांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढत असतं. अशा वेळी ‘अजून दोन टन यायचंय’ आणि ‘दोर तोडा’ या दोन वाक्यांतलं कुठलं वाक्य कधी बोलायचं, हे ज्यानं कधी ब्रिजवर वॉच केली नाही त्याला कसं उमजणार? चेस्टर निमित्झ हा पुढं पॅसिफिक आरमाराचा सरसेनापती झाला. १९१७ साली तो ‘मॉमी’ या तेलवाहू जहाजावर अधिकारी होता, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या विनाशिकांना चालता-चालता तेल देण्याची पद्धत त्या जहाजावर बसवण्यात त्याचा मोठा वाटा होता. तेलाच्या जहाजावरची नोकरी दुय्यम मानणाऱ्यांनी पॅसिफिकचं युद्ध त्या दृष्टीनं पुन्हा वाचावं.

संगणकाबद्दल. यंत्र काय करतं? शेवटची नोंद सांगतं. आणि एका क्रमांकाची वस्तू नसेल तर तिच्या जागी चालणारी दुसरी सुचवतं. या ‘चालणारी’ शब्दावर माझा विश्वास नाही. १७४७ साली जेम्स लिंड यानं ‘सॉल्सबरी’ जहाजावर स्कर्व्हीच्या १२ रोग्यांना दोन-दोनच्या जोड्यांत वेगवेगळे उपाय दिले आणि संत्री-लिंबं खाणारी जोडी उठून कामाला लागली. ब्रिटिश नौदलानं १७९५पासून लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली. तो रस भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबाचा होता. १८६०च्या दशकात पुरवठा बदलला: वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींत, म्हणजे घरचंच, कागदी लिंबू मुबलक मिळतं, तेही आंबट, तेही लिंबूच. वहीत ओळ तीच राहिली. पण या लिंबात क जीवनसत्त्व बरंच कमी, आणि तांब्याच्या नळ्यांतून जाऊन, हवा लागून रस आणखी निकामी व्हायचा. वाफेच्या जहाजांमुळे सफरी लांबीला कमी झाल्या होत्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. १८७५-७६ साली नेअर्सची तुकडी उत्तर ध्रुवाकडे गेली आणि माणसं स्कर्व्हीनं आडवी झाली. चौकशीत ठपका आला तो बर्फावर घसरगाड्या ओढत गेलेल्या तुकड्यांनी रस बरोबर नेला नाही यावर. रसच कमकुवत आहे, हे ओळखायला पुढं कित्येक दशकं लागली.

तेव्हा जीवनसत्त्वं ठाऊकच नव्हती, मग प्रशिक्षणानं काय झालं असतं? कदाचित काही नाही. पण हा धडा तरी आता देता येतो: पर्यायी माल नावावर आणि भावावर तपासायचा नसतो, समुद्रावर वापरून तपासायचा असतो. खारी हवा, सततचा हादरा, ओलं कोठार, पंधरा दिवसांनंतरची अवस्था. हा संशय अंगी बाणायला माणूस जहाजावर राहिलेला लागतो. डबेवाल्यांचं कसब मला मान्य आहे, पण त्या कसबाखाली लोकलचं वेळापत्रक उभं आहे. समुद्राला वेळापत्रक नाही.

राहिले कंत्राटदार. १९०४च्या ऑक्टोबरात रशियाचं बाल्टिक आरमार जपानशी लढायला निघालं, तेव्हा अर्ध्या पृथ्वीएवढ्या वाटेवर त्याचा स्वतःचा एकही कोळशाचा तळ नव्हता. कोळसा देण्याचं काम हँबुर्ग-अमेरिका या जर्मन जहाज कंपनीच्या कोळसाबोटींकडे होतं. मादागास्करपर्यंत व्यवहार चालला. पोर्ट आर्थर पडल्याची बातमी आली आणि पुढं युद्धक्षेत्रात कोळसा देण्यावरून कंपनीनं हात आखडला. आरमार नोसी बे बंदराच्या उकाड्यात सुमारे दोन महिने कुजत पडलं. कंपनीचं वागणं व्यापाराच्या नियमाला धरूनच होतं. कंत्राट जोखमीचा हिशोब करतं, आणि युद्धात जोखीम नेमकी तेव्हाच वाढते जेव्हा माल सर्वांत जास्त हवा असतो. पुढं कोळसा मिळेल की नाही या धास्तीनं रशियनांनी तो डेकवर, राहण्याच्या खोल्यांत, जिथं जागा मिळेल तिथं भरला. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ती जहाजं लढायला उतरली तेव्हा इतकी ओझ्यानं बसली होती की त्यांच्या चिलखताचा मुख्य पट्टा पाण्याखाली गेला होता.

नागरी माणूस पळून जातो, असं मला म्हणायचं नाही. ब्रिटनची रॉयल फ्लीट ऑक्झिलरी १९०५पासून नागरी खलाशांवर चालते, आणि ८ जून १९८२ रोजी फॉकलंडजवळ ‘सर गॅलाहाड’वर बाँब पडले तेव्हा त्या जहाजावरचेही नागरी खलाशी मेले. पण ती मंडळी दुकानदार नव्हेत. नौदलाबरोबर वर्षानुवर्षं समुद्रावर घडलेली माणसं आहेत. पूर्वपक्षानं त्यांचं नाव घेतलं तर ते माझ्याच बाजूची साक्ष देतात. त्याच मालिकेतली आणखी एक साक्ष आपल्या जवळची आहे. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात कुतला वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. मुंबईहून माल निघत होता, पण बसऱ्याला धक्के नव्हते, जहाजं उतरवणीची वाट बघत आठवडेच्या आठवडे नदीत उभी, आणि वरच्या उथळ तैग्रिसमध्ये चालतील अशा बोटी मूठभर. २४ एप्रिल १९१६च्या रात्री ‘जुलनार’ या बोटीनं २७० टन शिधा घेऊन वेढा फोडायचा शेवटचा प्रयत्न केला. तिच्यावरचा चार्ल्स काउली हा त्या नदीवर नागरी बोटी चालवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, ऐन वेळी नौदलाच्या गणवेशात आलेला. नदी त्याला पाठ होती. तरी बोट तुर्कांच्या आडव्या तारेत अडकली, तो मारला गेला, पाच दिवसांनी कुत पडलं. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला नि त्याच्या सोबतचा अधिकारी फर्मन याला मरणोत्तर मिळाला. शौर्य होतं, जाण होती. पण सगळं उशिरा एकत्र आणलं गेलं. काउलीसारखी माणसं आधीपासून नियोजनाच्या टेबलाशी बसवणं, यालाच मी प्रशिक्षण म्हणतो.

कंत्राटाची दुसरी बाजू सडण्याची. अमेरिकेच्या सातव्या आरमाराला आशियातल्या बंदरांत टग, इंधन, पाणी, मैला उपसणं अशा सेवा पुरवणारा लिओनार्ड फ्रान्सिस सप्टेंबर २०१३ मध्ये पकडला गेला. साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रकमेची फुगवलेली बिलं, आणि ती मंजूर व्हावीत म्हणून अधिकाऱ्यांना मेजवान्या, हॉटेलं, बायका, रोकड. शिक्षा झालेल्यांत पुरवठा शाखेतले अधिकारी होते आणि नौकांवर हुकमत चालवणारेही होते. प्रशिक्षित अधिकारी विकले गेले, मग प्रशिक्षणाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. प्रश्न चांगला आहे आणि तो टाळू नये. प्रशिक्षणानं माणूस साधू होत नाही. पण बंदरात किती पाणी लागतं, किती मैला निघतो, किती टग खरोखर लागले, हे ज्याला जहाजावर राहून ठाऊक नाही, तो प्रामाणिक असला तरी फुगवलेलं बिल ओळखू शकत नाही. अप्रामाणिकाला शिक्षा देता येते. अजाणत्याचं काय करणार?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेच्या राजीखुशीशिवाय तोडू नका, हा त्यातला भाग शाळेपासून सगळ्यांना पाठ असतो. त्याच प्रकरणातला दुसरा मुद्दा कुणी फारसा सांगत नाही: आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या कमाईवर सोडू नये, तसं केलं तर सावकारांना उपद्रव होऊन बंदरं बसतील. पोटासाठी आरमार बंदराच्या तोंडाकडे बघू लागलं की दोन्ही बिघडतात, हे पंतांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखलं होतं. पर्सरच्या खिशाचा आणि फ्रान्सिसच्या मेजवानीचा रोग एकच.

जेवण आणि पगार या दोन गोष्टी पूर्वपक्ष सगळ्यात किरकोळ मानतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल-आस्थापनेतल्या खलाशांनी अन्न नाही तर काम नाही, असं म्हणून न्याहारी नाकारली. त्या उठावाची कारणं कितीतरी मोठी होती: वंशभेद, पगारातली तफावत, आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरचे खटले, स्वातंत्र्याची आस. निकृष्ट डाळ हे कारण नव्हतं, ठिणगी होती. पण ठिणगी पडली ती ताटातच, तोफखान्यात नव्हे. १९३१ साली इनव्हरगॉर्डनला ब्रिटिश आरमार अडून बसलं ते पगारकपातीवरून, आणि ती कपात नीट समजावून सांगायच्या आधीच खलाशांनी वर्तमानपत्रांत वाचली होती. दोन्ही ठिकाणी कुणीतरी एक अधिकारी असा हवा होता की जो खलाशांच्या मेसमध्ये रोज जातो, कुरकुर ऐकतो आणि वर जाऊन कप्तानाला स्पष्ट सांगतो. किनाऱ्यावरच्या कार्यालयात बसलेला वाणिज्य पदवीधर ताटातलं हे ऐकणार कसं?

इथवर खंडन. आता माझी बाजू, आणि ती मांडताना दर्यावर्दी अभिमान्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्यांना वाटतं, वर्गातलं शिक्षण म्हणजे कारकुनी, खरा अधिकारी डेकवर घडतो. हे तितकंच चूक. कंत्राटाची कलमं न वाचता सही करणारा अधिकारी कितीही चांगला पोहत असो, तो फ्रान्सिससारख्यांचं भक्ष्य आहे. मालाडला मार्वेच्या किनाऱ्यावर ‘हमला’ ही नौदलाची संस्था आहे. लॉजिस्टिक्सचे अधिकारी तिथं शिकतात आणि जहाजावरचे आचारी, स्टुअर्डही तिथंच तयार होतात. हा शेजार मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्या सहीनं शिधा येणार आहे त्यानं तो रांधणाऱ्याच्या हाताखाली काही आठवडे काढावेत. भटारखान्यात डुलत्या जहाजावर उकळतं पातेलं धरून पाहावं. हिशोब आणि कायदा कडक शिकवावा. त्याच्या जोडीला स्थिरतेचं गणित, आग विझवणं, पाणी शिरलेल्या कप्प्यात काम करणं, आणि ब्रिजवरची वॉच, ती दिखाव्यापुरती नव्हे, तर जबाबदारीची.

कारण योजना पुरवठ्यापासून उलट्या दिशेनं आखली जाते. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र-बोटींची नावं नौदल दिनाला सगळे घेतात. त्या बोटींचा पल्ला तोकडा होता. त्यांना कराचीजवळ नेणं आणि परत आणणं हाच बेताचा कणा होता, म्हणून त्या ताफ्याबरोबर ‘पोषक’ हे तेलवाहू जहाज होतं. टाकीत किती तेल, यावर हल्ल्याची वेळ ठरते. हे बोलणं बेत ठरतानाच व्हावं लागतं आणि ते बोलणाऱ्याला क्षेपणास्त्राची भाषाही यावी लागते. उलट बाजूनं बघा. मे २०२० मध्ये ‘जलाश्व’ ही नौका मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना माले बंदरातून कोचीला घेऊन आली. लढवय्या सैनिकांना वाहून नेण्यासाठी बांधलेल्या जहाजावर अचानक गर्भवती स्त्रिया, लहान मुलं, आणि साथीचा काळ. कुठं झोपवायचं, काय वाढायचं, खलाशांपासून अंतर कसं राखायचं, संडास कुणी वापरायचे. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मागणी-अंदाजात ही ओळ नव्हती.

बंकचा आक्षेप तेवढा उरला. ज्या अधिकाऱ्याला फक्त साठा कळतो त्याला बंक देऊ नये, हे मला मान्य आहे. वॉच करणारा, आग विझवणारा, भरण्याच्या वेळी डेकवर उभा राहणारा असेल तरच द्यावा. म्हणून शिक्षणाच्या शेवटी उमेदवाराला एकच तोंडी प्रश्न घालावा, तोही वर्गात नव्हे, चालत्या जहाजावर. इंधन निम्म्याखाली आलंय, तेलवाहू जहाज दोन दिवस उशिरा येणार, वादळाचा इशारा आहे, एक शीतकोठार बंद पडलंय, आणि आत्ताच हुकूम आलाय की वाटेत शे-दीडशे माणसं उचलायची आहेत. काय आधी शिजवशील, काय हलवशील, काय टाकून देशील, आणि कप्तानाला कुठल्या गोष्टीला नाही म्हणशील? हाच प्रश्न किनाऱ्यावरच्या व्यवस्थापन पदवीधरालाही घालावा. त्याला उत्तर आलं तर त्याला जरूर घ्यावा. फक्त ते कुठं शिकलास, हेही विचारून ठेवावं.